सोमवारी सकाळी संगणक क्रॅश होण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : शस्त्रक्रिया विभागाचा संगणक येत्या सोमवारी, दि. ११ रोजी सकाळी क्रॅश होण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) दुरुस्ती नोंदवहीतील नोंद क्र. ११३८, माझ्याच अक्षरातील.
२) आपले तोंडी उत्तर, "संगणक क्रॅश झाला, त्याला मी काय करणार?"

महोदय,

मी या रुग्णालयात बावीस वर्षे संगणक दुरुस्त करतो. विषय वाचून आपण कपाळाला हात लावला असेल, तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा ही विनंती. तळघरातील गळतीबाबतचा माझा मागील अर्ज आपल्या टेबलावर कपाखाली सापडला होता.

१. संगणक क्रॅश झाला असे लोक म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचे असते, हे या इमारतीत माझ्याइतके कोणालाही ठाऊक नाही. नोंदवहीत आजवर ११४० तक्रारी आहेत. त्यांपैकी यंत्र खरोखर बंद पडले ते एकोणतीस वेळा. उरलेल्या वेळी कोणीतरी मोबाइल चार्ज करायला प्लग काढला होता, कळफलकावर चहा सांडला होता, किंवा अहवाल लिहिलाच नव्हता आणि तो "गेला" होता. एक ज्येष्ठ कारकून महिनाभर रोज क्रॅश सांगत होते. ते पासवर्ड विसरले होते आणि तरुण सहकाऱ्यांसमोर विचारायची त्यांना लाज वाटत होती. यंत्र बिचारे कधीच उलट बोलत नाही, म्हणून सगळे त्याच्यावर ढकलतात.

२. सुरुवातीला मी खरी कारणे लिहीत असे. एका परिचारिकेच्या नावापुढे "चहा सांडला" असे लिहिले आणि तिची आडगावी बदली झाली. जाताना ती मला म्हणाली, "तुमच्या अक्षराने माझं घर मोडलं हो." तेव्हापासून मी सरसकट "क्रॅश" लिहू लागलो. त्या शब्दापुढे स्पष्टीकरण मागू नये, असे आपल्या आधीच्या साहेबांचे परिपत्रकच निघाले. लोक मला मानू लागले. मला हातांची खुर्ची मिळाली. ती आजही माझ्याकडे आहे आणि तिच्यावर बसूनच हा अर्ज लिहीत आहे.

३. गेल्या महिन्याच्या सात तारखेला यादी सांभाळणाऱ्या कारकुनाने मला बोलावले. यंत्र ठणठणीत होते; तो त्यावर पत्ते खेळत होता. "लिहा नेहमीचं, वरून सांगितलंय," एवढेच तो म्हणाला. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियांच्या यादीतून तिसरे नाव गेले होते. कोणाचे गेले, हे मी पाहिले नाही. ती माझी पद्धत नव्हती. मी नोंद क्र. ११३८ केली, खाली सही केली आणि जेवायला गेलो.

४. ते नाव माझ्या धाकट्या बहिणीचे होते.

५. आपणांस माहीत आहेच की, झडपेचे डॉक्टर बाहेरून येतात, तेही महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी, आणि तिघांनाच घेतात. गेलेले नाव नव्याने भरावे लागते, म्हणून ते शेवटी जाते. बहीण तिसरी होती ती एकतिसावी झाली. तिघे पुढे गेल्याने आता अठ्ठाविसावी आहे. म्हणजे तिचा नंबर या महिन्यापासून दहाव्या महिन्यात. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते, "तीन महिने निघाले तर नशीब." त्यातला एक गेला. ती आता आडवी होऊ शकत नाही. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. तिला मी काही सांगितलेले नाही. ती शेजारणीला म्हणत होती, "मशीनच बिघडलंय ना, मग कसली काळजी? आमचा दादाच तर दुरुस्त करतो ती." मी दारात चप्पल घालत होतो. मला फार लाज वाटली.

६. तिच्या जागी आपल्या सासूबाई आल्या. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. परवा त्या जिना स्वतः चढून आपल्या दालनात आल्या, हे पाहिले. जुन्या यादीची प्रत माझ्याकडे आहे. ती कोणाला दाखवण्याचा माझा विचार नाही, म्हणजे सोमवारपर्यंत नाही.

७. नोंद क्र. ११३८ खोडून तेथे खरे कारण लिहू द्यावे, असा अर्ज मी आधी तयार केला होता. मग तो फाडला. खरे कारण लिहिले की चौकशी लागेल, आपली लागेल, माझीही लागेल, आणि तोवर यादी गोठवली जाईल. चौकशीला दीड वर्ष लागते. खरेपणा मला आता परवडत नाही.

८. सबब विनंती की, सोमवारी सकाळी दहा ते दहा वीस या वेळेत संगणक क्रॅश व्हावा. यादीतील तिसरे नाव जावे, तेथे माझ्या बहिणीचे यावे आणि गेलेले नाव रीतसर शेवटी भरावे. नातेवाइकांना नेहमीचे वाक्य कारकुनाने सांगावे. मी त्या वेळी तळघरात असेन.

९. सध्या तिसऱ्या क्रमांकावर कोण आहे, हे मला कळवू नये. काल यंत्र तपासताना मी पडद्यावरचे नाव तळहाताने झाकून घेतले होते. वयाचा रकाना मात्र हाताबाहेर राहिला. तो आकडा मी या अर्जात लिहीत नाही. एकाच अंकाचा होता.

मंजुरीची वाट पाहणारा, आपल्याच तालमीत तयार झालेला,

(सही)
संगणक दुरुस्ती कारागीर
तळघर, खोली क्र. ३
दिनांक : ८, शुक्रवार

सोबत :
१) जुन्या यादीची छायाप्रत.
२) बहिणीचे केसपेपर.
३) नोंदवहीचे पान, नोंद क्र. ११४१. कारण : क्रॅश. सही केलेली आहे. नावाची जागा कोरी ठेवली आहे.