वैशाली सेक्टर चारमधील बॅटरी

मी, गुणवंत भालचंद्र हुपरीकर, वय ७१, राहणार वैशाली सेक्टर ४, गाझियाबाद, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही हात धरलेला नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी भाची मयुरा हिला.

२. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याचा माझा सगळा सरंजाम, सोल्डरिंगच्या सामानासकट, मयुराने एखाद्या शिकणाऱ्याला द्यावा. माझा जुना मदतनीस मारुती, त्याला काही देऊ नये. त्याने नेलेला मल्टिमीटर चौदा वर्षे झाली, परत आलेला नाही. अर्थात पुढचे कलम वाचल्यावर कळेल की मी दुसऱ्याचे कुसळ दाखवतो आहे.

३. माझा मित्र मुरलीधर देवस्थळी वारल्यावर चंद्रप्रभावहिनींनी त्याचा १९९१ सालचा कॉम्प्युटर माझ्याकडे दुरुस्तीला दिला. जुने मशीन हातात आले की आधी आतली बॅटरी काढायची, नाहीतर ती गळते आणि सर्किट बोर्ड खाते, हे मी शंभर जणांना शिकवले. मी ती काढली नाही. मशीन माझ्या कपाटात दोन वर्षे पडून राहिले. उघडले तेव्हा बॅटरी गळून बोर्ड गंजाने हिरवागार झाला होता.

वहिनींना म्हणालो, "गौरवने बाल्कनीत ठेवला होता ना, ओल लागली." गौरव त्यांचा मुलगा. तो समोरच होता. म्हणाला, "काका, बाल्कनीत फक्त चार दिवस होता, सच में." मी मान खाली घालून व्हिनेगरने बोर्ड पुसत राहिलो. वहिनी त्याला म्हणाल्या, "बाबांची एक वस्तू तुला सांभाळता आली नाही." महिनाभरात तो घर सोडून दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहू लागला. त्याला चार वर्षे झाली.

बोर्डावरच्या सत्तावीस तुटक्या रेषा मी बारीक तारेने जोडल्या. मशीन चालू झाले. "भावजींनी जीव ओतला," असे वहिनी सगळ्यांना सांगत होत्या आणि मी ऐकून घेत होतो. मला माझी लाज वाटते.

४. हत्यारे गौरवला देऊन मोकळे व्हावे, असा माझा बेत होता. पण मेल्यावर खरे बोलणे हाही पळपुटेपणाच. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणाले. तेव्हा भरपाई देऊन सुटण्याची सोय उरली नाही. वहिनी आणि गौरव, दोघांना घरी बोलावून हे वाचून दाखवीन.

५. (वाचून झाल्यावर, त्याच बैठकीत लिहिलेले.) वहिनींनी माझ्याकडे पाहिले नाही. गौरवला विचारले, "तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "सांगितलं होतं, आई."

यापुढे मला काही लिहायचे नाही. कॉम्प्युटर वहिनींचाच आहे, तो आजच घेऊन जावा.

सही: गु. भा. हुपरीकर

आमच्यासमोर सही केली:

साक्षीदार १: चंद्रप्रभा मुरलीधर देवस्थळी, इंदिरापुरम, गाझियाबाद.

साक्षीदार २: गौरव मुरलीधर देवस्थळी, 'मुनिरका' हे खोडून, वरीलप्रमाणे. (खाडाखोड आईने केली आहे, मला मान्य. गौ. मु. दे.)

गाझियाबाद, १२ जानेवारी २०२५