सोपा केलेला राक्षस

सोलापूर, रविवार संध्याकाळ

जिंकले. आणि तरी जेवणावर वासना नाही, इतका संताप आला आहे.

कॉलेजात असताना दादाच्या कम्प्युटरवर जो गेम खेळायचे, तोच आता नव्या चकचकीत चित्रांसह मोबाइलवर आला आहे. त्यातला शेवटचा राक्षस तेव्हा मला कधीच मारता आला नाही. गेला महिनाभर पुन्हा त्याच्याकडून हरत होते. आज तो चार फटक्यांत आडवा! ह्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मला शंका आली. सेटिंगमध्ये पाहिलं, तर पातळी ‘सोपी’. मी भाकऱ्या थापत होते तेव्हा ह्यांनीच बदलली.

“अगं, हरलीस की तुझं बीपी लई चढतंय. म्हणून केलं.”

“आणि टाळ्या कशाला वाजवल्या?”

सगळं ठाऊक असून टाळ्या? मी काय बालवाडीत आहे?

“अहो, मला हरू द्यायला तुम्हाला एवढं जड का जातं?”

ह्यांनी टीव्ही लावला.

मी तो विजय पुसून टाकला. पातळी पुन्हा ‘कठीण’ केली, मोबाइलचा पासवर्ड बदलला आणि खेळायला बसले. तिसऱ्याच फटक्याला मेले. पण माझी मी मेले, कुणाच्या मेहेरबानीनं जगले नाही.