चौकोनाच्या मधोमध

सँड माउंटन, अलाबामा
१७ ऑगस्ट १९९९

प्रिय नेल्डाताई,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी कोंबड्यांचं दाणापाणी उरकल्यावर मी देवाचं नाव घेतलं, काकाच्या रिकाम्या शेडमध्ये गेलो आणि ड्रमवरची ताडपत्री ओढून काढली. मोठ्या ड्रममध्ये मांजर व्यालं होतं. पिल्लं हलवायला तिने साफ नकार दिला, म्हणून नुसताच काठ्या हातात धरून बसलो. तू म्हणशील, पन्नाशीला टेकल्यावर याला कुठली अवदसा आठवली. तर कारण सांगतो.

रॉसचा नॅशव्हिलहून फोन होता. आपला सख्खा चुलतभाऊ इतक्या वर्षांनी बोलला, तेही जणू काल संध्याकाळीच एकत्र जेवलो होतो अशा थाटात. आमची ती एकुलती एक रेकॉर्ड परदेशात कुणी पुन्हा काढली आहे म्हणे, आणि पोरंटोरं ती वेड्यासारखी ऐकतात. बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या हॉलला आमचा जुना बँड 'आयर्न हॉलो' एका रात्रीपुरता हवा आहे. हॉइट टायरचं दुकान बंद ठेवून बास वाजवायला तयार आहे. मी ड्रमवर, रॉस गाणार. आणि डॉइलच्या जागी नॅशव्हिलचा एक भाड्याचा गिटारवाला.

डॉइलचं तुला ठाऊक आहेच. आजार हाडांत उतरला आहे, बोटं अशी सुजली आहेत की कॉफीचा कपसुद्धा त्याची बायको विल्मा धरते. डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे की नाताळची आशा धरू नका. तरी डॉइलने होकार दिला आहे. पोरांना वाजवू दे, माझं काय, म्हणाला.

चौघांपैकी एकाचंही मत विरुद्ध गेलं तर नाव वापरायचं नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तिघांचं हो आलं आहे, अडून बसलो आहे तो मी. हॉइट मला तोंडावर खेचर म्हणाला. तो टायरवाला असल्यामुळे मी त्याचं मनावर घेत नाही. पण ताई, डॉइल जिवंत असताना त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करणं मला जमणार नाही. रोज प्रार्थनेत विचारतो आहे की हा माझा हट्ट आहे की धर्म. उत्तर अजून आलेलं नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळव. कळावे. लोभ तर आहेच, तो शिव्यांसकट तसाच राहू दे.

तुझा,
व्हर्लिन

---

डेटन, ओहायो
२४ ऑगस्ट १९९९

चि. व्हर्लिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

ऑपरेशन सप्टेंबरच्या मध्याला आहे. म्हणजे तुझ्या कानशिलात द्यायला मला स्वतः येता येणार नाही, पत्रावरच भागव.

अरे, देवाच्या उत्तराची वाट कसली बघतोस? तुमची व्हॅन चार वर्षं मी हाकली आहे. तुम्ही मागे घोरत असताना मी जागी होते, त्यामुळे तुमच्यापेक्षा मला जास्त आठवतं. तुमचा बँड का उभा राहिला आणि का मोडला, ते मी सांगते.

तुम्ही चौघेही चौकोनी गाण्यातली पोरं. देवळात चार बाजूंना चार बाकं, चार आवाज एकमेकांकडे तोंड करून, आधी सुरांची नावं म्हणायची आणि मग शब्द. जो गाणं सांगेल तो मधोमध उभा राहून हाताने ताल देणार. ऐकायला आलेल्यांनी कुठे बसायचं हा प्रश्नच नाही, कारण आपल्याकडे नुसतं ऐकायला कुणी येतच नाही. काकाच्या शेडमध्ये गिटारी आणि ड्रम आल्यावरही तुम्ही तसेच उभे राहिलात. जमिनीवर डॉइलने लाल रंगाने चार खुणा केल्या होत्या. इतका दणका, पण कुणाचा ठोका कधी चुकला नाही. डॉइलने नुसती मान हलवली की तुझी काठी खाली.

मग पहिल्यांदा शहरातल्या हॉलमध्ये वाजवलंत, ते लोकांकडे पाठ करून! लोक शिट्ट्या मारत होते की बाबांनो, तोंडं दाखवा. तुम्हाला वाटलं, कौतुक चाललं आहे. मी दारात उभी राहून लाजेने अर्धी झाले होते. तरी गाणी अशी वाजली की शेवटी तीच माणसं खुर्च्यांवर चढली. रेकॉर्डही तशीच झाली, एका खोलीत, चौकोन करून. म्हणून तर ती पोरं आज ऐकतात.

मोडलं ते क्लीव्हलंडला. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने स्टेजवर चिकटपट्ट्या मारल्या, सगळ्यांनी समोर बघायचं, रॉसने दोन पावलं पुढे. तू मागे पडलास, तुला डॉइलची पाठ तेवढी दिसत होती. तो दर दोन ओळींनी मान वळवून तुला शोधत होता आणि तो कंपनीवाला पडद्याआडून ओरडत होता. मी तेव्हाच व्हॅन चालू करून ठेवली. दुसरी रेकॉर्ड अर्धवट राहिली, रॉसला एकट्याला बोलावणं आलं, तो गेला. त्याच्याही पदरात पुढे काय पडलं? टूथपेस्टच्या जाहिराती.

तेव्हा भाड्याच्या माणसाला तू नाही म्हणालास ते बरोबरच. पण नुसतं नाही म्हणणं हे निम्मं काम झालं. मग काय करायचं, ते तुलाच सांगावं लागेल. आणि मला एक सांग, डॉइलला काय हवं आहे हे तुमच्यापैकी एका तरी शहाण्याने त्याला विचारलं का?

विल्माला माझा नमस्कार. मांजराला हलवू नकोस, बाळंतीण आहे. मायेत कमी पडू नये, पत्रात तर नाहीच.

तुझी,
नेल्डा

---

सँड माउंटन
१ सप्टेंबर १९९९

प्रिय रॉस यास,
स. न. वि. वि.

बर्मिंगहॅमला माझा नकार आहे. तो फोनवर सांगितला असता तर तू मला बोलण्यात गुंडाळलं असतंस, म्हणून लिहितो.

परवा डॉइलकडे गेलो होतो. विल्माने मक्याची भाकरी आणि घेवडा वाढला, तो दोन घासांवर थांबला. मी त्याला सरळ विचारलं की तुला काय हवं आहे.  तो म्हणाला की आपला बँड त्याने कधी ऐकलेलाच नाही. जन्मभर तो चौकोनाच्या एका बाजूवर उभा होता. डावीकडून हॉइट कानात बसायचा, समोरून मी, आणि तुझा आवाज तर त्याच्याच गिटारीत बुडायचा. रेकॉर्ड म्हणजे फोटो, म्हणाला. तो सात वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी बोट धरून त्याला गाण्याच्या चौकोनात मधोमध नेलं होतं. चारही बाजूंनी आवाज अंगावर आला तेव्हा त्याला रडू फुटलं होतं. तिथे मधोमध उभं राहून एकदा आपलं ऐकायचं होतं, पण मग गिटार कोण वाजवणार, म्हणून राहून गेलं. हे सांगून तो हसला आणि मला म्हणाला की घेवडा गार होतो आहे.

तेव्हा आता गिटारची बाजू रिकामी राहील आणि डॉइल मधे बसेल. शनिवार, २५ सप्टेंबर, दुपारी, काकाच्या शेडमध्ये. हॉइट शिव्या देत तयार झाला आहे. तुझी खूण जमिनीवर अजून आहे. तू आलास तर तिघे, नाही आलास तर दोघे, पण मी वाजवणार हे नक्की.

तुझ्यावर राग होता. तो धरून ठेवायला आता हात मोकळे नाहीत. लोभ पूर्वी होता तसा व्हावा.

तुझा,
व्हर्लिन

---

नॅशव्हिल, टेनेसी
८ सप्टेंबर १९९९

व्हर्न,
नमस्कार.

हॉलवाल्यांना मी नकार कळवला. खूश? इतक्या वर्षांनी आपल्यासाठी एक दार उघडलं होतं, ते तुझ्या एका मताने लागलं. तू देवळाचा कारभार बघणारा डीकन आहेस, तुला रविवारी चाळीस माणसं मान देतात. मला दुकानात कुणी ओळखत नाही.

आणि गिटारशिवाय हार्ड रॉक म्हणजे काय रे? चाकांशिवाय ट्रक. कोंबड्यांच्या शेडमध्ये, आढ्याकडे तोंड करून गायला मी येणार नाही. डॉइलला मी वेगळा येऊन भेटेन, जमेल तेव्हा.

तुझ्या बहिणीला सांग की रोज सकाळी फोन करून मला उठवायचं बंद कर. ती काही बोलत नाही, नुसतं विचारते की व्हॅन कुठे आणू.

रॉस

---

सँड माउंटन
२७ सप्टेंबर १९९९

प्रिय नेल्डाताई,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा वाकू लागला हे वाचून हायसं वाटलं. नर्सला खेचर म्हणू नकोस, ती तुला ओळखत नाही.

आधी देवळातलं सांगतो. आमच्या उपासनेत वाद्य चालत नाही, आणि डीकनच ड्रम बडवणार ही बातमी पसरली होती. बुधवारच्या प्रार्थनेनंतर मी उभा राहिलो. हे देवळाबाहेर आहे, मित्रासाठी आहे आणि याचा जाब वर मीच देईन, असं सांगितलं.  शनिवारी देवळातली निम्मी माणसं शेडमध्ये हजर होती. बायकांनी तळलेली कोंबडी आणि पीचचा गोड पदार्थ आणून बाहेर झाडाखाली लांब टेबलं मांडली होती, जणू आपल्या देवळाचं वार्षिक गाण्याचं संमेलनच आहे. एक म्हातारी कानात कापूस घालून पहिल्या बाकावर बसली. तिने मला बजावलं की तिला हे पसंत नाही, पण डॉइलच्या आईला ती नाही कशी म्हणणार. डॉइलची आई जाऊन पंधरा वर्षं झाली.

मांजर आदल्या दिवशी आपणहून पिल्लं घेऊन गवतात गेलं.

हॉइटने बास लावला. विल्माने डॉइलला चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्याने आपली लाल गिटार सोबत घेतली होती. ती त्याच्या खुणेवर एका रिकाम्या खुर्चीला टेकवून उभी केली, तारा नीट लावून. रॉसची खूण रिकामी होती. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

काठ्या उचलल्या तेव्हा बाहेर गाडीचं दार आपटलं. रॉस आत आला. तो बाकांमधून वाट काढत गेला, लोकांकडे पाठ केली आणि आपल्या खुणेवर उभा राहिला. केस पांढरे, पोट सुटलेलं, बूट मात्र तेच टोकदार. हॉइट म्हणाला की टूथपेस्टवाले आले, आता दात दाखवा. रॉसने त्याला जी शिवी दिली ती पहिल्या बाकावर कापसामुळे पोचली नसावी. मग माझ्याकडे वळून तो एवढंच म्हणाला की नेल्डाला कळव, व्हॅन पोचली.

मी उठलो, डॉइलच्या खुर्चीचा ब्रेक काढला आणि त्याला ढकलत मधोमध नेलं.  परत येऊन बसलो आणि नेहमीसारखे चार ठोके द्यायला काठ्या वर केल्या. पण डॉइलचा उजवा हात उठला होता. सुजलेला, पण त्याचे वडील देत तसाच, खाली आणि वर, खाली आणि वर. मधे उभा असेल त्याचा ताल.

तो ताल आमच्या जुन्या वेगाच्या निम्मासुद्धा नव्हता. त्या संथपणाने गाणं इतकं जड झालं की शेडचे पत्रे थरथरले. रॉस डॉइलच्या तोंडाकडे बघून गात होता. जिथे गिटार एकटी वाजायची तिथे आम्ही कुणी तिची जागा भरली नाही. हॉइट आणि मी खालून धरून राहिलो, आणि बाकांवरच्या माणसांनी, कुणी न सांगता, गिटारची ती चाल सुरांच्या नावांनी म्हटली, फा सोल ला. ड्रम वाजत असताना! डॉइलचे डोळे मिटले होते, हात चालू होता.

आयुष्यात मी कुणाच्या हाताखाली वाजवलं नव्हतं, डॉइल मानेने इशारा करायचा तेवढाच, ताल सगळ्यांना मी द्यायचो. त्या दिवशी त्याचा हात जिथे गेला तिथे मी गेलो. गाणं संपलं तसा तो हात खाली आला, मांडीवर थांबला आणि डॉइलने डोळे उघडले. मी काठ्या खाली ठेवल्या.

कळावे. तुझी माया आम्हा चौघांवर होती तशीच राहो.

तुझा,
व्हर्लिन