गच्चीवरचे अकरा बिंदू

३ तारीख, सोमवार
काल बाबांचे चार मिस्ड कॉल. आज त्यांना सांगितलं, तुमच्या मागच्या खोलीत सिग्नल पोचत नाही. दोन भिंती, समोर नवी इमारत; एकेक भिंत आठ-दहा डेसिबल खाते. शास्त्रीयदृष्ट्या यात खोटं काही नाही. मग करू काय, म्हणाले. गच्चीवरून लावा, म्हटलं. तीन मजले आणि त्यांचा गुडघा फोन ठेवल्यावर आठवला.
संकल्प: उद्यापासून रोज सातला आपणच फोन करायचा.

५ तारीख
फोन राहिला. कालचाही. ऑफिसात मॉडेल जुळत नाही. कुठल्या जागी सिग्नल किती आणि तिथून फोन लागेल का, एवढंच त्याने सांगायचं, तर ते भलतंच सांगतं. सर म्हणाले, बाई, इमारतींनी तुमचं समीकरण वाचलेलं नाही. प्रत्यक्ष मोजमापं आणा.

९ तारीख, रविवार
बाबांनी सिग्नलच्या नोंदींची वही सुरू केली आहे. तीस वर्षं जमिनी मोजल्या, हात स्वस्थ बसत नाही. रकाने: जागा, वेळ, सिग्नल, फोन लागला की नाही, शेरा. पानांचे फोटो पाठवले. आमच्या टीमपेक्षा नीट. हा डेटा मॉडेलला वापरायचा. त्यांनाही बरं वाटेल. मनाला लागून राहिलं होतं ते अशा रीतीने मिटलं.
मागच्या खोलीत सिग्नल उणे ७४; शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. इतकं चांगलं असायला नको होतं. बहुधा समोरच्या काचांवरून परावर्तन. त्यांना कळवलं नाही; गच्चीवरच्या नोंदी अजून कमी आहेत.

१७ तारीख
मॉडेलची चूक निम्म्यावर आली. सर खूश. फक्त अकरा बिंदू, म्हणजे बाबांच्या वहीतल्या अकरा नोंदी, बसत नाहीत. सगळे गच्चीवरचे, संध्याकाळी सातनंतरचे. सिग्नल उत्तम, फोन 'लागला नाही'. वगळले. परिशिष्टात कारण दिलं: रिसीव्हरच्या बाजूचा अनिश्चित ऱ्हास. म्हणजे, फोन घेणाऱ्याकडे काहीतरी बिघडतं.

१९ तारीख
सरांनी परिशिष्ट वाचलं. परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे आणखी एक गृहीतक. विचारलं, हे फोन कुणाला होते? मला, म्हटलं. त्या वेळी तुमचा फोन कुठे होता? टेबलावर. बंद? नाही, सायलेंटवर. चष्म्यावरून बघत म्हणाले, मग लहरी बिचाऱ्या काय करणार.
खरं तर बाबा फोनवर फार बोलत नाहीत. जेवलीस का, विचारतात. मग गप्प बसतात. ती शांतता मला मोजता येत नाही.
संकल्प: रविवारी जाऊन खरं सांगायचं. चार मुद्दे लिहून ठेवले.

२३ तारीख, रविवार
गेले. घराला कुलूप. खालच्या काकू म्हणाल्या, वर असतील, तुझ्या फोनचं ऑफिस थाटलंय त्यांनी. गुडघ्याला पट्टा बांधून चढतात हो, ऐकतच नाहीत.
गच्चीवर लाकडी खुर्ची. एका पायाखाली चपटा दगड. जमिनीवर खडूने फुली; सगळ्यात चांगला सिग्नल तिथे मिळतो म्हणे. मला बघून आधी उठले, मग गुडघा धरून बसले. म्हणाले, आज फोन करायचं काम नाही तर.
मुद्दे पर्समध्येच राहिले. घाईत अहवालाची प्रत दिली. आभारांत पहिलं नाव त्यांचं आहे, ते दाखवलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग विचारलं, चूक कुठे होती ते सापडलं का? बरीचशी, म्हटलं. घरी नेऊन पूर्ण वाचतो, म्हणाले.
बसमध्ये आठवलं, परिशिष्टही त्याच प्रतीत आहे.

३० तारीख, रविवार
ठीक सातला फोन केला. रिंग पूर्ण वाजली. ७.०४ ला पुन्हा लावला. ७.१० ला पुन्हा. गच्चीवर पडले असतील, या विचाराने बूट घातले. तेवढ्यात वहीच्या पानाचा फोटो आला. अक्षर नेहमीसारखं, एका रेषेत.
वेळ: ७.००, ७.०४, ७.१०. जागा: मागची खोली. सिग्नल: उणे ७३. मुलीचा फोन: तिन्ही वेळा लागला नाही. शेरा: रिसीव्हरच्या बाजूचा अनिश्चित ऱ्हास.
खाली पेन्सिलीने: जेवलीस का.
नोंदी अचूक आहेत. वगळता येणार नाहीत.