ती हिरवी फांदी आपली नव्हे

सुराबाया

बाळ सुगेंग, आईचा सलाम.

गुडघा बरा आहे, डॉक्टर उगाच तोंड वाकडं करतो. नातीचा खोकला गेला का?

दुरियानची पानं गळली म्हणून झाड तोडणार, आणि वर लिहितोस, "एक फांदी हिरवीगार आहे, तेवढी ठेवतो." अरे शहाण्या, ते बांडगूळ आहे! पाऊस नाही म्हणून झाडाने पाणी वाचवायला पानं टाकली. ते फुकटं मात्र त्याचंच पाणी ढोसून टवटवीत. आणि तू कुऱ्हाड पोसणाऱ्यावर चालवणार?

बांडगूळ जिथे रुतलंय, तिथून हातभर मागे फांदीच काप. खोडाला हात लावायचा नाही.

लावलास, तर लंगडत येईन आणि त्याच खोडाला पाठ टेकून बसेन. मग घाल घाव.

तुझी आई,
तुगिनेम