दारातला दगड

गुरुवार, संध्याकाळ. नांदेड, वसतिगृह.

सरांनी संशोधनाचा अहवाल आज परत दिला. भूकंपानंतर मिळालेल्या घरांत लोक राहतात का, एवढाच विषय. औशाकडच्या सोजरमावशीचं मी सविस्तर लिहिलं होतं. नव्या घरात तिनं कडबा भरलाय, स्वतः अंगणात झोपते. आत गेलीच तर दारात दगड ठेवते. "दार अडकलं तर कोन उघडतंय, माय?" म्हणाली. तिची दोन्ही लेकरं अडकलेल्या दारामागंच गेली.

सर म्हणाले, "घर वापरात आहे ना? मग 'होय' लिही. तो दगड काढून टाक."

काढला. काय करू? धाकट्या भावाच्या लातूरच्या शिकवणीतच बाबा टेकीला आलेत, अहवाल नापास झाला तर मला आणखी एक वर्ष कोण शिकवतंय? पण तो दगड डोक्यातून जाईना. आमचंही गाव भूकंपाच्या त्याच पहाटे पडलं, हे सरांना मी कधी सांगितलंच नाही. सांगून काय, तेही काढ म्हणाले असते.

आत्ता खोलीतली मैत्रीण म्हणाली, "लई थंडी हाय, दार लाव की."

मी उठले नाही. दारात वीट आहे, मीच ठेवलेली.