दारामागच्या फळीवरचा पेला

केर्झेनेत्स नदीकाठ,
पोक्रोव्हच्या सणाचा दुसरा दिवस, १९०८

चि. कोंद्रात,

ताईचा आशीर्वाद. बाळ झाल्याचं फेरीवाल्याकडून कळलं. त्याला गोड पापा, ग्लाफिरालाही आशीर्वाद.

इकडे कोबी खारवून झाला. पहिलं बर्फ पडलं. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. मलान्याआत्याची जीभ आहे तशीच आहे. पत्राचं कारण लिहायला घेते आणि पुन्हा गाईवरच येते.

तू रागावून गेलास त्याला चार वर्षं झाली. नवी नवरी घेऊन आला होतास, आणि आईनं तुम्हा दोघांपुढे दारामागच्या फळीवरचा, आपण कधी तोंड न लावायचा परक्यांचा पेला ठेवला. पाणी न पिताच तू उठलास. जुन्या रीतीनं दोन बोटांनी क्रूसाची खूण करणारी आपली माणसं, नव्या रीतीनं तीन बोटांनी करणारं तिचं देऊळ. लग्नासाठी तू तिकडे गेलास आणि पोटचा पोर परका झाला.

त्यानंतर तो पेला आईनं कुणालाच दिला नाही. फेरीवाल्याला ओंजळीनं पाणी पाजायची. "तो माझ्या पोराचा आहे," म्हणायची. आत्या टोमणा मारायची, "पोरगं बाटलं आणि भांड्याचे लाड!"

आता लिहितेच. आई गेली रे. सणाच्या आठवडाभर आधी. ताप छातीत उतरला होता. दुपारी शुद्धीवर आली, पाणी मागितलं. मी तिचा पेला पुढे केला तर मान फिरवली.

"हा नको. कोंद्रातचा दे."

आपल्या मंडळीचे म्होरके निफोंतबाबा उशाशी प्रार्थना म्हणत होते. ते थांबले. "आग्राफेना, त्याला तोंड लावलंस तर तू आमच्यातली राहणार नाहीस. तुझ्यावर अंत्यविधीची स्तोत्रं म्हणता येणार नाहीत मला."

"बाबा, बोटं माझी मरेपर्यंत दोनच राहतील. पण पोराला तहानलेलं घालवलं मी. त्या पेल्यातलं पाणी प्यायल्याशिवाय मला जाववत नाही."

मी दिला. दोन घोट प्यायली. बाबा पोथी मिटून बाहेर गेले आणि उंबऱ्यात बसून रडले. ते वाईट नाहीत, कोंद्रात. आता ती आपल्याला मेल्यावर तिकडे भेटणार नाही, असं त्यांना खरंच वाटतं.

तिची बोटं मीच जुळवली, दोनच. स्मशानाच्या कुंपणाबाहेर, बर्चच्या झाडाखाली पुरलं. कुणी गायलं नाही. आवाज फुटेल तसं मी एकटीनंच म्हटलं. फार वाईट झालं रे.

घरी आले तर पेल्याच्या तळाशी पाणी उरलं होतं. ते मी प्यायले. दुसऱ्या दिवशी आत्या आली आणि आईची सगळी भांडी टोपलीत भरून घेऊन गेली. "तुझ्या हातून बाटतील," म्हणाली. मग रडत परत आली आणि एक पाव उंबऱ्याबाहेर ठेवून गेली.

आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला ये. ग्लाफिराला, बाळाला घेऊन ये. कोणत्या पेल्यातून पाणी मिळेल, हे आता विचारायला नको. घरात एकच उरलाय.

त्यातूनच पिणारी तुझी ताई,
उस्तिन्या